शंका-समाधान : टोचलेला केक आणि टोकावड्याचे ऊन

मागच्या महिन्यात या सदरात सोडा आणि जेलीच्या थंड केकची कृती दिली आणि टपाल एकदम वाढले. ज्यांच्या हातून तो अंक निसटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधा केक भाजायचा, कोमट असतानाच काट्याने जागोजागी टोचायचा, विरघळवलेल्या रंगीत जेलीत लिंबाच्या स्वादाचा गोड सोडा मिसळून ते मिश्रण भोकांत मुरवायचे आणि गार झाल्यावर वर व्हिप क्रीम लावून कापायचा. कापल्यावर पांढऱ्या केकात लाल-हिरवे पट्टे दिसतात, आणि पोरे खूश होतात ती त्या पट्ट्यांवरच. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती समारंभांत हा प्रकार फार चालला. जेलीचे पाकीट त्याहून बरेच जुने. 'जेल-ओ' हे नाव १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ले रॉय गावात पडले. ज्या घरांतून हा केक निघाला त्या घरांत फ्रिज होता आणि वीज जात नव्हती, हे मात्र कृती लिहिताना मीही विसरले. मुरबाड-शहापूरच्या वाचकांनी ते लगेच लक्षात आणून दिले.

ताई, आमच्याकडे पुतणीचा साखरपुडा आहे. साठ माणसे येणार. आधी करून बघावा म्हणून रविवारी केक केला. फ्रिजमधून काढला तेव्हा छान होता, पण अंगणात मांडवाखाली ठेवला आणि अर्ध्या तासात लाल पाणी ओघळून ताट भरले. जिलेटिन नकली मिळाले का? साखरपुड्याच्या दिवशी असे झाले तर पाहुण्यांपुढे तोंड कसे दाखवू? — एक गृहिणी, टोकावडे

जिलेटिन अस्सलच असणार. जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेले प्रथिन, जे गार झाल्यावर पाणी धरून ठेवते) साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. तोंडात टाकताच जेली विरघळते ती यामुळेच. मे महिन्यात तुमच्या अंगणाचे तापमान तोंडाच्या आतल्यापेक्षा जास्त असते, म्हणजे केक पाहुण्यांच्या तोंडात जाण्याआधीच विरघळणार. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही.

तुमच्या मांडवासाठी माझी निवड चायना ग्रास (समुद्रशेवाळापासून केलेला, थिजवणारा पदार्थ, फालुद्यातल्या जेलीसाठी वापरतात तोच). तो साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास थिजतो आणि एकदा थिजला की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे फ्रिज नसला तरी जमतो आणि उन्हातही टिकतो. अर्धा लिटर द्रवासाठी सपाट दीड चहाचा चमचा भुकटी घ्या. साडेतीनशे मिलिलिटर पाण्यात साखरेसह दोन-तीन मिनिटे चांगली उकळा, कण दिसेनासे झाले पाहिजेत. गॅस बंद करून दीडशे मिलिलिटर सोडा हळूहळू मिसळा. पातेले मोठे घ्या, गरम द्रवात सोडा पडला की फेस उसळतो.

इथे एक चूक हमखास होते. 'थंडगार सोडा' हे शब्द वाचून लोक अर्धे उकळते पाणी आणि अर्धा बर्फासारखा सोडा घेतात. मग मिश्रण क्षणात कोमट होते आणि भोकांत उतरण्याऐवजी केकच्या पाठीवरच पापुद्रा धरते. सोडा बाहेरच्या तापमानाचा घ्या, केक कोमट ठेवा आणि मिश्रण गरम असतानाच ओता. क्रीम मात्र मांडवात टिकणार नाही. साठ माणसांसाठी क्रीमऐवजी वरून ओल्या नारळाचा चव आणि वेलची पेरली तर मला तरी त्यात काही कमी वाटणार नाही. नारळही उन्हात खराब होतो, म्हणून तो वाढण्याच्या थोडा आधीच खवा.

सासूबाई माळकरी आहेत. वाढदिवसाला हा केक त्यांनी आवडीने खाल्ला. नंतर जाऊबाई म्हणाल्या की जेलीत हाडे असतात. आता सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत आणि मला रात्रभर झोप नाही. मी त्यांना बाटवले का? पाकीट कचऱ्यात गेले आहे. — एक सून, सरळगाव

आधी जे तपासता येते ते तपासू. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या जेलीच्या अनेक पाकिटांवर हिरवे चिन्ह असते. अशा जेलीत जिलेटिन नसते, समुद्रशेवाळापासून काढलेले थिजवणारे पदार्थ असतात. त्याच दुकानात जाऊन तेच पाकीट पुन्हा पाहा. चौकोनात हिरवा ठिपका असेल तर ती जेली शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता, नव्या नियमांनुसार चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. घटकांच्या यादीत क्रमांकही दिसतात: ४२८ म्हणजे जिलेटिन, ४०६ म्हणजे चायना ग्रास, ४०७ म्हणजे कॅरागीनन (लाल समुद्रशेवाळाचा अर्क). बाजारात सुटी, चिन्ह नसलेली 'जिलेटिन पावडर' मिळते, ती प्राणिजन्यच समजावी. ती कोणत्या प्राण्याची, हे पुडीवरून कळत नाही. मुसलमान शेजारी पंगतीला असतील तर त्यांच्यासाठीही हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा असतो.

समजा ते जिलेटिनच निघाले, तरी सासूबाईंच्या प्रकृतीला त्यापासून धोका नाही. व्रताचे काय, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. त्यासाठी त्या ज्यांना मानतात त्यांच्याशीच बोलणे बरे. नकळत घडलेल्या गोष्टीकडे आपल्याकडची वडीलधारी माणसे बहुधा समजुतीने पाहतात, एवढा माझा अनुभव. मात्र वयस्क माणसाने दोन दिवस न जेवणे ही आता खरी काळजीची बाब आहे. पाणी, पेज, ताक काहीतरी पोटात जाऊ द्या. त्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, कारण उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर धोकादायकपणे उतरते.

मॅडम, तुमच्या कृतीत 'सोडा एक कप' वाचले. मी खाण्याचा सोडा घेतला. एक कप जास्त वाटला म्हणून दोन मोठे चमचे जेलीत घातले. भसाभस फेस आला, चव साबणासारखी लागली. धाकट्या भावाने तरी एक तुकडा खाल्ला. त्याला काही होईल का? घरी अजून सांगितलेले नाही. — एक विद्यार्थिनी, शहापूर

घरी सांगून टाक, रागावण्यासारखे काही नाही. चूक माझी आहे. मराठीत 'सोडा' म्हणजे बाटलीतला, खाण्याचा आणि धुण्याचा असे तीन वेगळे पदार्थ, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. फेस आला कारण जेलीतल्या आंबट पदार्थाची खाण्याच्या सोड्याशी गाठ पडली आणि वायू सुटला. एका तुकड्यातून पोटात गेलेल्या सोड्याने निरोगी मुलाला फार तर ढेकर, मळमळ किंवा तहान जाणवेल. त्याला पाणी प्यायला दे, उरलेला केक टाकून दे. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असते, म्हणून रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने असा तुकडा खाल्ला असता तर मी डॉक्टरांना कळवायला सांगितले असते. भावाला सारख्या उलट्या झाल्या किंवा तो सुस्तावला तर त्यालाही दाखवून आणा.

आता एकच गोष्ट आज नक्की बघ: डब्यात होता तो सोडा खाण्याचाच होता ना? धुण्याचा सोडा दिसायला तसाच पांढरा असतो, पण तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. तोंडात आग, लाळ गळणे, गिळताना दुखणे यांपैकी काही दिसले तर तोंड पाण्याने धुवायचे, उलटी करवायची नाही, आणि पुडी बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे. वाहन नसेल तर १०८ वर फोन करायचा.

परसातली पपई आणि बाजारातला अननस चिरून जेलीत घातला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही जेली पाण्यासारखीच. कुणाची नजर लागली असे घरात चालले आहे. — एक वाचक, वैशाखरे

नजर नाही, पपई. कच्च्या मांसाला पपईचा चीक लावला की ते लवकर शिजते, हे तुमच्या घरात कुणाला तरी नक्की ठाऊक असेल. पपई, अननस, किवी, अंजीर आणि आले यांच्यात प्रथिने तोडणारी विकरे (शरीरात किंवा फळात रासायनिक काम घडवून आणणारे पदार्थ) असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे ते तुटते आणि जेली थिजत नाही. फळ आधी पाण्यात उकळून घेतले की विकरे निकामी होतात. डबाबंद अननसही चालतो. चायना ग्रास प्रथिन नाही, त्यामुळे त्यात ताजी पपई घातली तरी बिघडत नाही. लिंबाचा रस मात्र चायना ग्रासबरोबर उकळू नका, आंबटपणात उकळले की त्याची पकड सुटते. गॅस बंद केल्यावर पिळा.

नातवंडांसाठी केक करायचा आहे, पण आमचे हे म्हणतात सोड्याने हाडे ठिसूळ होतात आणि सोडा-जेली एकत्र पोटात गेली की ती फुगते. कोल्ड्रिंकऐवजी गोटी सोडा चालेल का? — एक आजी, मुरबाड

पोटात काही फुगत नाही. गरम मिश्रणात पडताच सोड्यातला बहुतेक वायू निघून जातो. उरतो स्वाद, आंबटपणा आणि साखर. हाडांची भीती मुख्यतः काळ्या कोलांमुळे पसरली, कारण त्यांत फॉस्फोरिक आम्ल असते. रोज दुधाच्या जागी कोला पिणाऱ्या मुलांबद्दल ती काळजी योग्य आहे. वाढदिवसाच्या एका तुकड्याला ती लावू नये. लिंबाच्या स्वादाच्या सोड्यात बहुधा सायट्रिक आम्ल असते, म्हणजे लिंबातलेच.

गोटी सोड्याची सूचना मला फार आवडली. इंग्लंडमध्ये हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. आपल्या जत्रांत मात्र ती अशी रुजली आहे की आपलीच वाटते. साधा गोटी सोडा गोड नसतो, त्यामुळे साखर तुमच्या हातात राहते. एकच खात्री करा: सोडा कुठल्या पाण्याने भरला जातो. जेली उकळत्या पाण्यात केली तरी सोडा वरून पडतो, तो उकळला जात नाही. भरणाऱ्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेले पाणी, लिंबू आणि साखर एवढ्यावर केक उत्तम होतो. वायू तसाही उडूनच जाणार आहे.

बाळ पहिल्या वाढदिवसानंतर दोन महिन्यांनी बोरीवलीहून गावी येते आहे. सगळ्यांना वाटते त्यालाही चमच्याने जेली भरवावी. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली, जेली घशात अडकून मूल गेले म्हणून. तेव्हापासून मी केक करायलाच घाबरते. — एक मावशी, टोकावडे

ही भीती पूर्णपणे खोटी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. घशात अडकण्याच्या गंभीर घटना प्रामुख्याने छोट्या प्लॅस्टिकच्या कपातून तोंडात ओढून खायच्या, कोंजॅक (एका कंदाचे पीठ) घातलेल्या जेलीमुळे घडल्या. ती जेली चिवट असते, तोंडात विरघळत नाही. युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा जेलीत कोंजॅक वापरण्यावर बंदी घातली. घरच्या केकमध्ये मुरलेली जेली ही तशी वस्तू नव्हे, ती केकाच्या चुऱ्यात मिसळलेली असते.

पण इथे मला माझ्याच पहिल्या उत्तराची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. चायना ग्रास उन्हात वितळत नाही तसा तोंडातही वितळत नाही. त्याचे चौकोनी तुकडे किंवा केकच्या तळाशी साठलेला जाड थर लहान मुलाला देऊ नका. चौदा महिन्यांच्या बाळाला वरच्या मऊ भागाचा चुरा, बोटाने दाबून लगदा झालेला, तोही बसवून, हसवत-पळवत नव्हे. साखरेच्या दृष्टीने ते न मिळाले तरी बाळाचे काहीच अडत नाही, हेही पाहुण्यांना खुशाल सांगा. केळ्याचा तुकडा कुस्करून दिला तर फोटोतही तो छानच येतो.

घास अडकलाच तर, मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तोवर त्याला खोकू द्या. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, त्याने घास आत सरकतो. आवाज बंद झाला, ओठ निळसर झाले, तर वेळ घालवू नका: एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच ठोसे द्यायचे. एवढ्याने घास न निघाल्यास पुढची कृती वर्षाखालच्या बाळासाठी छातीवर आणि त्याहून मोठ्या मुलासाठी पोटावर दाब देण्याची असते. ती वाचून नव्हे, हाताने शिकण्याची गोष्ट आहे. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना एकदा दाखवायला सांगा. घास निघाल्यावरही मुलाला डॉक्टरांकडे न्यायचेच.

वळवाच्या पावसात सहा तास लाइट गेली. फ्रिजमध्ये क्रीमचा केक होता. वास ठीक आहे, चवही ठीक. उद्या पंधरा जण यायचे आहेत. फेकायला जीव होत नाही. — एक वाचक, शहापूर तालुका

जीव होत नाही हे समजते, क्रीमची किंमत मलाही ठाऊक आहे. तरी हा केक पाहुण्यांना वाढू नये असेच मी सांगेन. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास गार राहतो. सहा तासांत, त्यातही कुणी दोनदा दार उघडून 'केक बरा आहे ना' पाहिले असेल तर, आतले तापमान जंतूंना सोयीचे होते. काही जंतू क्रीममध्ये विष सोडतात. त्याला वास नसतो, चव नसते, आणि नंतर फ्रिज पुन्हा थंड झाल्याने ते नाहीसे होत नाही. क्रीम नसलेला, चायना ग्रासचा केक तेवढ्याच वेळात बहुधा खाण्याजोगा राहतो.

पुढच्या वेळी क्रीम आयत्या वेळी फेटा आणि केक थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवा. बर्फ निळसर दिसला तर तो खाण्याचा नव्हे. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. त्याचे पाणी केकला लागू देऊ नका. बाहेर मांडलेला क्रीमचा केक एरवी दोन तास, आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात एकच तास, यापुढे ठेवू नये. कुणी आधीच खाल्ला असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर क्षार-साखर-पाणी (ओआरएस) चालू करा. जुलाबात रक्त, ताप, लघवी कमी होणे, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई वा म्हातारे माणूस असेल तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना.

वडिलांना साखर आहे. साखर नसलेला सोडा वापरला तर त्यांना दोन तुकडे चालतील ना? — एक मुलगा, मुरबाड

फक्त सोडा बदलून फारसा फरक पडत नाही. केकमधला मैदा आणि साखर, जेलीच्या पाकिटातली साखर हे सगळे शिल्लक राहतेच. किती तुकडा चालेल हे त्यांच्या अलीकडच्या तपासण्या पाहून त्यांचे डॉक्टरच सांगू शकतात. मी न पाहिलेल्या माणसाला आकडा देणार नाही. साखर नसलेल्या सोड्यात बहुधा अॅस्पार्टेम (कृत्रिम गोडवा) असते. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते वर्ज्य असते, बाटलीवर तशी सूचनाही असते.

आमच्याकडे ओव्हन नाही. आणि केक टोकावड्याहून कल्याणला बहिणीकडे एस.टी.ने न्यायचा आहे. घाटातून येणारी गाडी भरलेली असते, उभे राहावे लागले तर सगळे सांडेल, या विचाराने हात थरथरतात. — एक ताई, टोकावडे

ओव्हन नसताना आपल्या आया-आज्यांनी वाळूवर केक भाजलेच आहेत. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये दोन बोटे जाडीचा कोरड्या वाळूचा किंवा मिठाचा थर द्या. कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवा, पाणी घालू नका. दहा मिनिटे तापवून वर जाळी, जाळीवर केकचा डबा, आणि मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटे. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. या केकला वरून रंग येत नाही. इथे तेच सोयीचे, कारण टोचायला वरचा पापुद्रा मऊच हवा.

नेण्यासाठी केक डब्यातून काढूच नका. ज्या स्टीलच्या डब्यात भाजला त्यातच टोचा, चायना ग्रासचे मिश्रण त्यातच ओता, दोन तास हलवू नका. आदल्या रात्री केलेला केक सकाळी पूर्ण बसलेला असतो आणि डबा तिरपा झाला तरी सांडत नाही. कडेला थोडे पाणी सुटलेले दिसेल. चायना ग्रासचा तो स्वभावच आहे, डबा तिरका करून ओतून टाका. झाकणाखाली केळीचे पान घाला, डबा कापडात बांधा, आणि पहिल्या गाडीने निघा. क्रीम बरोबर नेऊ नका, ते कल्याणला मिळते.